दिगबोई ते शिवसागर: तेलाच्या मुलखातून

सोमवार : दिब्रुगड ते दिगबोई

मोहनबाडीच्या विमानतळावरून तिनसुकियाच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना चहाचे मळे सुरू होतात, आणि त्या मळ्यांमध्येच, सावलीसाठी राखलेल्या शिरीषाच्या झाडांआड, तारेच्या कुंपणात उभी असलेली लोखंडी झडपांची उतरंड अधूनमधून दिसू लागते. खनिज तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते किंवा मुंबईच्या पश्चिमेचा खुला समुद्र येतो. वरच्या आसामात मात्र तेलविहीर ही भाताच्या खाचराच्या बांधाला, सुपारीच्या बागेला आणि माणसांच्या अंगणाला लागून असते. गाडी चालवणाऱ्या भाच्याने एका कुंपणापाशी वेग कमी केला आणि म्हणाला, “मावशी, ही विहीर. वर दिसते ती एवढीच. उरलेली तीन किलोमीटर खाली आहे.”

भाचा या भागात उत्पादन अभियंता म्हणून काम करतो. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी “आसाम : दिगबोई, नाहरकटिया, मोरान” ही नावे फळ्यावर लिहिली. तेल कोठे सापडते हे पुस्तकात असते. ते सापडल्यानंतर पन्नास-साठ वर्षे कसे काढत राहतात, हे पुस्तकात जवळजवळ नसते, आणि खरे काम तर तेच आहे, असे तो फोनवर नेहमी सांगे. ते पाहण्यासाठी दिवाळी उलटल्यावर मी निघाले. परवानग्यांचे अर्ज त्याने महिनाभर आधी दिले होते, कारण कायद्याच्या दृष्टीने तेलक्षेत्र ही खाण असते आणि तेथे कोणालाही सहज आत जाता येत नाही.

मंगळवार : दिगबोई

दिगबोईची पहिली विहीर शताब्दी संग्रहालयाच्या आवारात जपून ठेवलेली आहे. तिचे वेधन १८८९ च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि ६६२ फुटांवर ती पूर्ण व्हायला १८९० चा नोव्हेंबर उजाडला. आज चांगली रिग, म्हणजे विहीर खणणारा मनोरा आणि त्याची यंत्रे, एवढी खोली एक-दोन दिवसांत गाठते. तेव्हा खडक तोडण्याची पद्धत अगदी वेगळी होती : दोराला बांधलेली जड पहार वाफेच्या यंत्राने उचलायची, खाली आपटायची, खडकाचा चुरा झाला की भोकात पाणी सोडून तो उपसून काढायचा आणि पुन्हा आपटायला लागायचे. यंत्रे जंगलातून आणण्यासाठी हत्ती वापरले जात. हत्तींच्या पायांना लागलेल्या तेलावरूनच येथील साठ्याचा सुगावा लागला, ही आख्यायिका येथे प्रत्येकजण सांगतो. आख्यायिका बाजूला ठेवली तरी जमिनीवर पाझरणारे तेल या भागात पूर्वीपासून माहीत होते, हे खरे आहे. दिगबोईच्याही आधी, १८६७ च्या मार्चमध्ये, जवळच्याच माकुम भागात ११८ फुटांवर तेल लागले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेकची विहीर १८५९ ची, म्हणजे आसाम जगाच्या फार मागे नव्हता.

मार्घेरिटा-लेडोच्या कोळशासाठी लोहमार्ग टाकणाऱ्या आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनीने हे वेधन केले. पुढे १८९९ मध्ये आसाम ऑइल कंपनी स्थापन झाली आणि ११ डिसेंबर १९०१ रोजी दिगबोईचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे. १९२१ मध्ये कारभार बर्मा ऑइलकडे गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात, आघाडी जवळ आल्यामुळे, या क्षेत्रातून दिवसाला सुमारे ७००० पिंपांपर्यंत तेल उपसले गेले.

तेल येथेच का, याचे उत्तर संग्रहालयामागच्या टेकड्यांत आहे. नागा पर्वताकडून आलेल्या रेट्याने या भागातले थर मुडपले, तुटले आणि एकमेकांवर सरकले. खोलवरच्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या थरांत उष्णतेने तयार झालेले तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने सच्छिद्र वालुकाश्मातून वर सरकत राहिले आणि जेथे घट्ट चिकणखडकाचे छत मिळाले तेथे अडले. दिगबोईला हे छत ठिकठिकाणी फाटलेले आहे, म्हणून तेल भूपृष्ठापर्यंत पाझरले आणि माणसाला सापडले. ज्या साठ्यांची छते शाबूत होती त्यांची मात्र वर कोणतीच खूण नव्हती. नाहरकटियाचा साठा ब्रह्मपुत्रेच्या गाळाखाली सुमारे तीन किलोमीटरवर होता. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाने खालच्या थरांचा आकार कळला तेव्हाच, १९५३ मध्ये, तेथे तेल लागले. स्वतंत्र भारतातला हा पहिला मोठा शोध. मोरानचा शोध १९५६ चा.

हे सर्वेक्षण अजूनही चालू असते. जमिनीत उथळ भोके पाडून त्यांत छोटे स्फोट घडवतात, हजारो ठिकाणी पेरलेले संवेदक खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात आणि त्या परतण्याच्या वेळांवरून संगणक खालच्या जमिनीचे त्रिमितीय चित्र उभे करतो. चित्र कितीही चांगले असले तरी त्या कमानीत तेल आहे की नुसते खारे पाणी, हे विहीर खणल्याशिवाय कळत नाही.

बुधवार : रिगवर

आजचा दिवस मला आयुष्यभर पुरेल. फाटकावर मोबाइल, घड्याळ आणि पर्स काढून घेतली, सुती कपडे आहेत ना हे तपासले, शिरस्त्राण आणि पोलादी टोकाचे बूट दिले आणि वायूगळतीचा भोंगा वाजला तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला कोठे जमायचे ते दाखवले. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मनोऱ्यावर कापडी पिशवी फडकत होती. तिच्याकडे दर थोड्या वेळाने पाहण्याची सवय येथील प्रत्येकाला आहे, आणि दुपारपर्यंत ती मलाही लागली.

विहीर तेव्हा २४०० मीटरच्या पुढे गेली होती. रिगच्या मजल्यावर ड्रिलर आपल्या खोलीत बसून वजन, फेरे आणि दाब यांचे काटे पाहत होता. साधारण साडेनऊ मीटर लांबीच्या नळ्या एकमेकींना जोडत खाली जातात आणि त्यांच्या टोकाला कृत्रिम हिऱ्याचे दात बसवलेले पाते खडक घासत असते. ही सारी नळ्यांची लांबी पोकळ असते. तिच्यातून मड, म्हणजे बेंटोनाइट माती, पाणी आणि रसायने यांचे बेताने बनवलेले मिश्रण, जोराने खाली सोडतात. ते पात्याच्या छिद्रांतून बाहेर पडते, पाते थंड ठेवते, खडकाचा चुरा उचलते आणि नळीभोवतीच्या जागेतून वर येते.

मडचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र वजनाचे आहे. तीन हजार मीटर खोलीवर नुसत्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो असतो. खडकातल्या द्रवाचा दाबही साधारण त्याच पातळीवर, कधी त्याहून पुष्कळ अधिक असतो. मड त्याहून किंचित जड ठेवले तर खालचा वायू आणि तेल आपल्या जागी राहतात. ते हलके पडले तर वायू विहिरीत शिरतो आणि फार जड झाले तर खडकच फाटून मड त्यात निघून जाते. मड तपासणारा रसायनशास्त्रज्ञ दर काही मिनिटांनी तराजूवर घनता मोजून वहीत लिहीत होता. विहिरीतून परत येणारे मड टाकीत किती साठते, याकडे दुसऱ्या एकाचे लक्ष सतत होते, कारण टाकीची पातळी विनाकारण वाढू लागणे म्हणजे खालून काहीतरी आत येत आहे. तसे झाले तर विहिरीच्या मुखावरच्या ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या जबड्यांनी मुख बंद करता येते. तो माणसापेक्षा उंच लोखंडी ठोकळा मी मजल्याखाली जाऊन जवळून पाहिला. दर आठवड्याला त्याची कवायत होते आणि तिची वेळ सेकंदांत नोंदवली जाते.

वर आलेले मड थरथरणाऱ्या चाळण्यांवर पडते. मड खाली गळून जाते आणि खडकाचा चुरा चाळणीवर उरतो. मड लॉगिंगच्या, म्हणजे वर आलेल्या मडच्या आणि चुऱ्याच्या नोंदी ठेवण्याच्या, खोलीत बसलेल्या तरुण भूवैज्ञानिकेने त्यातली मूठभर वाळू धुतली, बशीत पसरली आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. करडे, दुधी, गोलसर कण दिसत होते. मग तिने दिवा बंद केला आणि बशी जंबुपार किरणांच्या पेटीत सरकवली. चार-पाच कण फिकट पिवळे उजळले. “बाइदेउ (ताई), हे तेल,” ती म्हणाली. त्या कणांवर तिने द्रावकाचा थेंब टाकला आणि पिवळा उजेड थेंबातून सावकाश बाहेर पसरत गेला. लक्षावधी वर्षे अंधारात अडकलेले द्रव्य बशीच्या तळाशी सुटे होताना मी पाहत होते, आणि मला जागचे हलवेना.

असे कण दिसले म्हणून विहीर यशस्वी ठरत नाही. ठरावीक खोलीला वेधन थांबवून पोलादी केसिंग, म्हणजे विहिरीला आतून अस्तर देणारी रुंद नळी, उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्या मधल्या पोकळीत सिमेंट भरतात, म्हणजे वरच्या गोड्या पाण्याचे थर आणि खालचे तेल-वायूचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. गावातल्या कूपनलिकांचे पाणी सुरक्षित राहते ते या सिमेंटच्या भरवशावर. मी रिगवर ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी प्रत्येकाने सिमेंटिंगचा उल्लेख आवाज गंभीर करून केला. वेधन पुरे झाले की तारेला बांधलेली उपकरणे आत सोडून थरांचा विद्युत्‌रोध, घनता आणि सच्छिद्रता मोजतात. खारे पाणी वीज वाहू देते, तेल वाहू देत नाही, या साध्या भेदावर पुष्कळसे निदान होते. आशादायक थर ठरला की त्यासमोर छोट्या स्फोटकांची नळी नेऊन केसिंग, सिमेंट आणि खडक यांत आरपार छिद्रे पाडतात, आत ट्युबिंग, म्हणजे तेल वर आणणारी बारीक नळी, सोडतात, आणि वर ती झडपांची उतरंड बसते, जी मी सोमवारी चहाच्या मळ्यात पाहिली होती. रिग उचलून दुसरीकडे जाते.

गुरुवार : दुलियाजान

दुलियाजान हे तेलामुळे वसलेले गाव. नाहरकटियाच्या शोधानंतर १८ फेब्रुवारी १९५९ रोजी ऑइल इंडिया कंपनी स्थापन झाली. त्या वेळी तिच्यात दोन-तृतीयांश भाग बर्मा ऑइलचा आणि एक-तृतीयांश भारत सरकारचा होता, १९६१ मध्ये दोन्ही वाटे समान झाले आणि १९८१ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली.

आज सकाळी तेल-संकलन केंद्र पाहिले. आजूबाजूच्या अनेक विहिरींच्या बारीक वाहिन्या येथे एका ओळीत येतात आणि प्रत्येकीवर विहिरीचा क्रमांक रंगवलेला असतो. विहिरीतून येते ते नुसते तेल नसते. तेल, वायू, खारे पाणी, कधी बारीक वाळू असे सगळे मिसळून येते. ते आडव्या आणि उभ्या सेपरेटर टाक्यांत शिरते, तेथे वायू वरून आणि द्रव खालून निघतो. दाब एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवतात, कारण एकदम उतरवला तर तेलातले हलके, मोलाचे घटकही वायूबरोबर उडून जातात. पाणी मात्र सहजी सुटत नाही. ते तेलात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने अडकून बसते. त्यासाठी मिश्रण तापवावे लागते आणि त्यात रसायन घालून थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतील असे करावे लागते.

एका टाकीवर चढून मी मोजणी पाहिली. कर्मचाऱ्याने पितळी वजन लावलेल्या पोलादी टेपच्या टोकाला एक लेप फासला आणि टेप तळापर्यंत सोडून वर ओढली. जेथपर्यंत पाणी होते तेथपर्यंत लेपाचा रंग स्वच्छ रेषेत बदलला होता. त्याने रेषेवरचा आकडा मोठ्याने वाचला, सोबत्याने तो पुन्हा उच्चारला आणि मग लिहिला. ऊर्जेच्या एवढ्या मोठ्या व्यवहाराचा हिशेब शेवटी या दोन माणसांच्या एका आकड्यावर येऊन ठेपतो, आणि तो ती किती निगुतीने घेतात हे पाहून मला फार बरे वाटले.

वेगळे काढलेले खारे पाणी नदी-नाल्यात सोडता येत नाही. ते स्वच्छ करून खास विहिरींतून पुन्हा खोल थरांत सोडावे लागते. क्षेत्र जसे म्हातारे होते तसे पाण्याचे प्रमाण वाढत जाते, आणि काही विहिरींतून तर तेलापेक्षा कितीतरी अधिक पाणी येते. ते सगळे उचलायचे, वेगळे करायचे, साफ करायचे आणि परत घालायचे. जुन्या क्षेत्राचा निम्मा खर्च या पाण्यापायी होतो की काय, असे मला वाटले.

दुपारी वायूची बाजू पाहिली. आरंभीच्या काळात गिऱ्हाईक नसल्याने तेलाबरोबर येणारा वायू येथे मोठ्या प्रमाणात जाळून टाकला जाई. पुढे नामरूपचे वीज आणि खताचे कारखाने, १९८२ पासून दुलियाजानचा एलपीजी प्रकल्प आणि २०१६ मध्ये लेपेटकाटा येथे देशाला अर्पण झालेला पेट्रोरसायन प्रकल्प, असे त्याला घेणारे उभे राहिले. एका चहाच्या कारखान्यात गेलो तर सुकवणीच्या यंत्राखाली हाच वायू जळत होता. आसामच्या चहाची शेवटची ऊब आसामच्याच जमिनीतून येते, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते, कारण मला ते माहीत नव्हते.

याच दुलियाजानमध्ये १९८० च्या जानेवारीत तेलवाहतूक रोखणाऱ्या आंदोलकांपैकी काहीजण मारले गेले. “तेज दिम, तेल निदिओं”, म्हणजे रक्त देऊ पण तेल देणार नाही, ही तेव्हाची घोषणा होती. त्याच्याही आधी, १९५६-५७ मध्ये, आसामचे तेल बिहारमध्ये शुद्ध होणार म्हणून मोठी चळवळ झाली होती आणि तिच्यामुळेच गुवाहाटीजवळ नूनमाटीचा कारखाना आला. १९८५ च्या आसाम कराराने नुमालीगडचा कारखाना दिला. ज्या जमिनीतून धन निघते तिच्या माणसांना त्यातले काय मिळते, हा प्रश्न या उद्योगाच्या बाहेरचा नाही. विहिरीला जागा देणाऱ्या शेतकऱ्यापासूनच तो सुरू होतो, आणि माझ्या मते तो विचारणाऱ्यांनी देशाचेही भलेच केले.

शुक्रवार : नाहरकटिया

या सबंध प्रवासाचे मर्म मला आज कळले. विहीर सुरुवातीला आपोआप वाहते ती खालच्या दाबाने. साठ्यातल्या तेलात वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर वायू सुटतो आणि पाण्याला बरोबर घेऊन वर उसळतो, तसेच येथे होते. पण बाटलीतला जोर ओसरला की उरलेले पाणी तळाशीच राहते. केवळ अशा विरघळलेल्या वायूच्या जोरावर चालणाऱ्या साठ्यातून मुळातल्या तेलाचा लहानसाच वाटा वर येतो. दाब हे तेलक्षेत्राचे भांडवल आहे, तेल हे त्यावरचे व्याज, असे भाचा म्हणाला. पहिल्या वर्षांत हावरेपणाने उपसले, वायू बेफाम सुटू दिला, तर जे तेल पुढची चाळीस वर्षे मिळाले असते ते कायमचे खडकात अडकते.

म्हणूनच नाहरकटियाच्या साठ्यात पाणी भरण्याचे काम फार लवकर, १९६० च्या दशकातच, हाती घेतले गेले. साठ्याच्या ठरावीक बाजूंच्या विहिरींतून पाणी दाबाने आत सोडतात. ते दाब टिकवते आणि तेलाला उत्पादन विहिरींकडे ढकलते. या पाण्यातला प्राणवायू आणि जिवाणू काढावे लागतात, बारीक गाळ गाळावा लागतो, नाहीतर खडकाची सूक्ष्म छिद्रे बुजतात. पाणी कोठे घालायचे, किती घालायचे, कोणत्या विहिरीतून किती तेल घ्यायचे आणि कोणती विहीर मुद्दाम मंद चालवायची, याचा विचार करणारी माणसे कार्यालयात बसून असतात. त्यांच्या भिंतीवरचे नकाशे पाहताना माझ्या ध्यानात आले की ती न दिसणाऱ्या भूगोलावर राज्य करीत आहेत.

दाब तरीही कमी होतच जातो. मग विहिरीला मदत करावी लागते. येथे सर्वांत प्रचलित उपाय गॅस लिफ्टचा : संपीडित वायू केसिंग आणि ट्युबिंग यांच्या मधून खाली सोडतात, तो झडपांतून ट्युबिंगमध्ये शिरतो, तेलाचा स्तंभ हलका होतो आणि उरलेला दाब त्याला वर ढकलू शकतो. वर आलेला वायू वेगळा काढून पुन्हा त्याच कामाला लावतात. जेथे तेवढाही दाब नाही तेथे वर-खाली डोलणारी तुळई आणि लांबच लांब सळ्यांच्या टोकाचा पंप येतो. एवढे सारे करूनही जगभरचा ढोबळ अनुभव असा आहे की साठ्यातल्या तेलाचा सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपासचाच भाग वर येतो. उरलेले तेल तेथेच असते, जागा माहीत असते, आणि तरी ते हाती लागत नाही.

आसामच्या तेलाचा आणखी एक स्वभाव आहे. त्यात मेण फार. भाच्याच्या सहकाऱ्याने काचेच्या बाटलीतला नमुना दाखवला. सकाळची थंडी अजून ओसरली नव्हती आणि बाटली पूर्ण आडवी केली तरी आतला गडद हिरवट-तपकिरी गोळा हलला नाही. तळहातांमध्ये धरून काही मिनिटे ऊब दिल्यावर कडेने तो सुटू लागला. हे तेल नुसतेच नळातून सोडले तर हिवाळ्यात वाटेत गोठून बसेल. त्यावरचा उपाय कल्पक आहे : तेल सुमारे ९० अंशांपर्यंत तापवायचे आणि मग ठरावीक वेगाने निववायचे, म्हणजे मेणाचे स्फटिक अशा रचनेने बनतात की त्यांचे एकमेकांत जाळे विणले जात नाही आणि तेल कमी तापमानातही वाहते. १९६० च्या दशकाच्या आरंभी बांधलेली नाहरकटिया ते बरौनी ही ११५७ किलोमीटरची वाहिनी या उपायावर उभी राहिली. आता रसायनेही वापरतात. हेच मेण दिगबोईच्या कारखान्यात वेगळे काढले की विक्रीचा माल होते.

शनिवार : बाघजान आणि मागुरी बील

बाघजानला जाण्याचा आग्रह माझा होता. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, मागुरी-मोटापुंग या मोठ्या पाणथळीजवळ ही विहिरींची जागा आहे. २७ मे २०२० रोजी येथील पाचव्या क्रमांकाच्या वायुविहिरीचे दुरुस्तीचे काम चालू असताना, ब्लोआउट प्रिव्हेंटर मुखावरून काढल्यानंतर, वायू बेकाबू होऊन बाहेर आला. ९ जून रोजी त्याने पेट घेतला. अग्निशमन दलातील दोन कर्मचारी मरण पावले, घरे जळाली, हजारो माणसांना छावण्यांत राहावे लागले. वायूबरोबरच्या हलक्या तेलाचा थर भातावर, चहावर आणि पाणथळीवर पसरला. डॉल्फिनचा आणि माशांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये मुखावर पुन्हा झडप बसवून वायू वळवण्यात आला, परंतु विहिरीत दाबाखालीच नळी सरकवणारे यंत्र बाहेरदेशातून आणून विहीर पूर्णपणे बंद करायला १५ नोव्हेंबर उजाडला.

बुधवारी रिगवर पाहिलेल्या तराजूचा, टाकीच्या पातळीचा आणि सेकंदांत मोजलेल्या कवायतीचा अर्थ येथे उभे राहिल्यावर पूर्ण कळतो. विहिरीत नेहमी किमान दोन अडसर असावेत, एक काढण्याआधी दुसरा टिकतो आहे याची खात्री करावी, हा या धंद्याचा पहिला धडा आहे. तो मोडला तर त्याची किंमत ज्यांनी कधी विहीर मागितली नव्हती अशी माणसे मोजतात. होडी वल्हवणाऱ्या गृहस्थांनी काठावरची जागा दाखवली, जेथपर्यंत त्यांच्या सुपाऱ्या आचेने करपल्या होत्या. तेथे आता नवी रोपे कमरेएवढी झाली आहेत. थंडीचे पाहुणे पक्षी पाण्यावर उतरू लागले होते. भाचा परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला की नव्या माणसांना प्रशिक्षणात एकदा येथे आणून उभे केले पाहिजे. मला ते पटले.

रविवार : शिवसागर

आहोम राजांच्या रंगघराच्या आणि तलातलघराच्या या नगराभोवती तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची क्षेत्रे आहेत : रुद्रसागर १९६० चे, लाकवा १९६४ चे, गेलेकी १९६८ चे. कारभाराचे ठिकाण नाझिरा. लाकवाच्या रस्त्यावर डोलणारे पंप जितके दिसले तितक्याच बंद विहिरीही दिसल्या. विहीर कायमची बंद करणे हेही काम आहे. आत ठरावीक खोल्यांवर सिमेंटची बुचे बसवायची, दाब देऊन ती तपासायची, केसिंग जमिनीखाली कापायचे आणि वर माती घालून जागा परत करायची. चांगली बंद केलेली विहीर ओळखताही येऊ नये, कारण तिच्यावर पुन्हा भात उभा असतो. अशी एक जागा भाच्याने दाखवली आणि मला खरोखरच कोठे काही दिसले नाही.

बंद करण्याआधी मात्र जुन्या क्षेत्रातून आणखी काय निघेल, हे तपासणे आता महत्त्वाचे झाले आहे. आपल्या मुंबई हायचेही तेच आहे. १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रातल्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले, आणि गेली पंचवीसएक वर्षे तेथे नव्या विहिरी व नवे फलाट घालून पुनर्विकास चालू आहे. तेथे चुनखडक, येथे वालुकाश्म. तेथे समुद्र, येथे चहाचे मळे. पण घटत्या दाबाचे, वाढत्या पाण्याचे आणि खडकात अडकून राहिलेल्या तेलाचे गणित एकच आहे. नवे मोठे साठे क्वचित सापडत असताना जुन्या साठ्यातून शेकडा चार-पाच भाग अधिक काढणारा अभियंता देशाला एक नवे क्षेत्रच मिळवून देतो, पण त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही.

संध्याकाळी दिब्रुगडला परतताना भाच्याने उद्याचे काम सांगितले. नाहरकटियाजवळची एक जुनी विहीर पाण्याने भरत आल्यामुळे थांबली होती. जुन्या नोंदींचे आलेख पुन्हा वाचताना तिच्या वरच्या भागात एक पातळ थर तेव्हाच्या लोकांनी सोडून दिलेला आढळला. खालचा थर सिमेंटने बंद करायचा, वरच्या थरासमोर नवी छिद्रे पाडायची आणि वायू सोडून तो वाहतो का ते पाहायचे. त्यासाठी लागणारी छोटी रिग रात्रीच जागेवर पोहोचणार होती आणि त्याला पहाटे साडेपाचला निघायचे होते.